तूट

न्हावाशेवाहून ट्रक आला मांजरीत, रात्री उशिरा.
प्लास्टिकात आवळलेले चाळीस गठ्ठे,
वर कुठल्याशा गार देशाची अक्षरं.
लाटव्हिया. मी नकाशात शोधला,
करंगळीच्या नखाखाली मावला.

एरवी आमच्या नर्सरीत नारळाचा भुसा चालतो.
हे पीट महागाचं,
ढोबळी मिरचीच्या लाडावलेल्या रोपांपुरतं.

सकाळी छबूबाई झुरुंगेंनी विळ्यानं पहिला गठ्ठा फाडला
आणि वास आला:
चहाचा चोथा, थोडा गंज,
थोडं विसरून राहिलेलं ताक.
ट्रे भरणाऱ्या बायका थांबल्या.
"ह्ये कशाचं खत म्हनायचं?"

मी बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, दुसऱ्या झटक्यात पास,
त्यामुळे असल्या प्रश्नांचा मक्ता माझ्याकडे.
म्हटलं, खत नाही. ताकद काहीच नाही यात.
"मग?"
पाणी धरतं.
"यवढंच?"
एवढंच.

मग सांगत बसलो, हजेरी घ्यायची सोडून:
पाणी साचलेलं, आंबट, आत हवा नाही.
शेवाळ मरतं, पण त्याचं कुजायचं राहून जातं.
त्यावर नवं शेवाळ, तेही मरतं.
वर्षाला जाडी वाढते मिलिमीटरभर,
ज्वारीचा दाणाही त्याहून फुगीर.
तुमच्या मुठीत आत्ता आहेत
शेदोनशे पावसाळे, छबूबाई.

त्यांनी मूठ सैल केली.
"म्हंजे मढं जागच्या जागी,
आन् त्याच्याच डोईवर लेकरू."

आपल्याकडे नाही जमत हे.
आपलं ऊन कुणाला अर्धवट मरू देत नाही.
पंधरा दिवसांत गवताची माती,
एका पिढीत सातबाऱ्यावरून नाव खाली.

"जमत न्हाई कसं?
कॅनॉलच्या खाली आमचं चिबड हुतं की.
बारमाही वल्लं. पाणकणसं डोक्याएवढी.
सासरा म्हनायचा, देवानं दिलं आन् वाया दिलं.
म्हस रुतली तवा चौघांनी कासरा वढला,
ती आली, घुंगरू ऱ्हायलं आतच.
काळा चिखुल, मऊ,
पाय घातला की आतनं कुनीतरी
हळूच धरल्यावानी."

तिथे आता पुलाच्या कामाचा राडारोडा आहे,
राडारोड्यावर मुरूम, मुरुमावर बारा मजले.
तळघरात तीन मोटारी रात्रंदिवस पाणी उपसतात.
छबूबाईंचा नातू तिथे वॉचमन,
तो म्हणतो, मोटार बंद पडली
की गाड्यांची चाकं आधी ओली होतात.
घुंगराबद्दल मी त्याला विचारलं नाही.

दुपारी ट्रे भरताना काडी सापडली.
बोटभर. तांबूस. साल शाबूत,
एका बाजूला कळी फुटायच्या बेतात
आणि तशीच थांबलेली.
कुठलं झाड, मला ओळखता आलं नाही.
पुस्तकात असलं काही नव्हतं,
किंवा त्या दिवशी मी गैरहजर होतो.
सगळ्या बायकांच्या तळहातांवरून ती फिरली,
बाळंतिणीचं पोर फिरावं तशी.

"काढलं तितं आता काय?"
खड्डा, म्हटलं. बहुतेक.
"बुजवतील कशानं?"
यावर माझ्याकडे पदवी नाही.

छबूबाईंनी पदराच्या टोकाला काडी बांधली,
गाठीवर दोन थेंब पाणी शिंपडलं
आणि पुन्हा एकशे चार खळ्यांच्या ट्रेवर वाकल्या.
अंगठ्यानं खळगा, बी, वर चिमूट.
अंगठ्यानं खळगा, बी, वर चिमूट.
नखांत काळं.

संध्याकाळी स्टॉकची वही काढली.
आवक: चाळीस गठ्ठे.
वापर: एक.
तुटीचा रकाना मी सहसा कोरा सोडतो,
मालक तिथे बोट ठेवून प्रश्न विचारतात.
आज लिहिलं:
काडी, एक. वजन नगण्य.
वय माहीत नाही.